सीमारेषेचा निवाडा आणि संगणक : कंधारच्या उदाहरणावरून एक परीक्षण

मतदारसंघांच्या सीमा आखण्याचे काम यंत्रावर सोपवावे, म्हणजे पक्षपाताला वाव उरणार नाही, हा विचार नवा नाही. अमेरिकेत विल्यम व्हिक्री ह्या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये त्याचा पुरस्कार केला. १९६५ मध्ये हेस, वीव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकाकरवी मतदारसंघ आखण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. पुढे ह्या विचाराचे दोन निराळे दावे झाले. संगणकाने सीमा आखाव्यात, हा पहिला. माणसाने आखलेल्या सीमांचे परीक्षण संगणकाने करावे, हा दुसरा. दोन्ही एकाच नावाखाली वावरत असल्याने त्यांची वारंवार गल्लत होते. वस्तुतः पहिला दावा टिकत नाही आणि दुसरा मर्यादित अर्थाने टिकतो. कंधारचे उदाहरण ह्या दृष्टीने बोधप्रद आहे.

कंधार हे नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. केशवराव धोंडगे ह्यांनी ज्या मतदारसंघाचे अनेक वर्षे प्रतिनिधित्व केले, तो कंधार विधानसभा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेत नाहीसा झाला. कंधार नगर 'लोहा' मतदारसंघात समाविष्ट झाले आणि लोहा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव असलेल्या लातूर लोकसभा मतदारसंघात घातला गेला. परिणामी कंधारच्या नागरिकाचे जिल्हा कार्यालय नांदेडला, तर त्याचा खासदार लातूरचा, अशी स्थिती निर्माण झाली. उलट लातूर जिल्ह्यातील औसा मतदारसंघ उस्मानाबाद लोकसभा मतदारसंघात गेला. २००१ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राच्या ४८ लोकसभा मतदारसंघांची सरासरी लोकसंख्या सुमारे २० लाख १८ हजार येते. लातूर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २० लाख ८० हजार होती आणि त्याच्या वाट्याला विधानसभेच्या नेमक्या सहा जागा आल्या होत्या. महाराष्ट्रात एका लोकसभा मतदारसंघात विधानसभेचे सहाच मतदारसंघ असतात. तेव्हा लातूर जिल्हा अखंड ठेवणे सहज शक्य असताना औसा का काढले आणि लोहा का घातले, असा प्रश्न कोणीही करील.

ह्या प्रश्नाचे उत्तर केवळ लातूरच्या नकाशात सापडत नाही. हिंगोली जिल्ह्यात विधानसभेच्या तीनच जागा. त्यांना नांदेडमधील किनवट व हदगाव आणि यवतमाळमधील उमरखेड जोडावे लागले. नांदेडच्या नऊ जागांपैकी सात उरल्या. लोकसभेस सहा लागतात, म्हणून सातवी, लोहा, लातूरकडे गेली. लातूरची एक जागा त्यामुळे अधिक झाली. ती औसा, उस्मानाबादला गेली. उस्मानाबादच्या स्वतःच्या चार जागा. औसा आणि सोलापूर जिल्ह्यातील बार्शी मिळून त्या सहा झाल्या. म्हणजे लोहा-कंधारचे स्थलांतर हे हिंगोलीपासून बार्शीपर्यंत पसरलेल्या वजाबाकी-बेरजेतील एक पद आहे. नांदेडच्या तीन जागा हिंगोलीस देऊन नांदेड सहांवर आणता आले असते आणि लातूर अखंड राहिले असते, हे खरे. परंतु मग उमरखेडसाठी विदर्भात आणि उस्मानाबादच्या सहाव्या जागेसाठी अन्यत्र जागा शोधावी लागली असती. बाकी नाहीशी होत नाही. ती केवळ दुसऱ्याच्या दारी जाते.

अशी साखळी एका दृष्टिक्षेपात पारखणे माणसाला कठीण असते; येथे संगणकाचा खरा उपयोग आहे. पर्यायांची संख्या किती वेगाने वाढते, हे एका लहान उदाहरणावरून कळेल. चार गुणिले चार अशा सोळा घरांचे चार समान व सलग भाग ११७ प्रकारे करता येतात. छत्तीस घरांचे सहा भाग करावयाचे झाल्यास ते ४,५१,२०६ प्रकारे होतात. महाराष्ट्राच्या २८८ विधानसभा मतदारसंघांचे ४८ गट करण्याचे सर्व पर्याय मोजणे अशक्यच. म्हणून आधुनिक पद्धती नियमांत बसणारे हजारो नकाशे यादृच्छिकपणे निर्माण करते आणि प्रत्यक्ष नकाशा त्या समूहात कोठे बसतो, ते पाहते. उत्तर कॅरोलिनातील २०१६ च्या नकाशाविरुद्ध एका तज्ज्ञाने असे ३,००० नकाशे सादर केले. त्यांपैकी प्रत्येकात प्रत्यक्ष नकाशापेक्षा डेमोक्रॅटिक पक्षास किमान एक जागा अधिक मिळत होती. तरीही २०१९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पक्षीय लाभाच्या तक्रारी संघराज्याच्या न्यायालयांच्या कक्षेबाहेरच्या ठरविल्या. गणिताने पुरावा दिला. निवाड्याचा निकष कोणता, हा प्रश्न मात्र गणिताबाहेरच राहिला.

पहिल्या दाव्याची उणीव नेमकी येथे आहे. परिसीमन अधिनियम, २००२ चे नववे कलम मतदारसंघ शक्य तेथवर भौगोलिकदृष्ट्या सुसंहत असावेत असे सांगते आणि नैसर्गिक रचना, प्रशासकीय घटकांच्या सीमा, दळणवळण व लोकांची सोय ह्यांचा विचार करण्यास बजावते. हे शब्द यंत्राला जसेच्या तसे उमगत नाहीत; त्यांचे आकड्यांत रूपांतर करावे लागते, आणि ते माणूसच करतो. सुसंहततेचे एक प्रचलित माप क्षेत्रफळ व परिमितीचा वर्ग ह्यांच्या गुणोत्तरावर आधारलेले आहे. परंतु नदीच्या वळणांनी जाणारी सीमा अधिक तपशिलाच्या नकाशावर मोजली की तिची लांबी वाढते आणि तोच मतदारसंघ कमी सुसंहत ठरतो. निकष परस्परविरोधीही असतात. नांदेड-लातूर मार्ग लोहा व अहमदपूरवरून जातो. दळणवळणाचा निकष लोहा लातूरकडे देण्यास अनुकूल, जिल्हासीमेचा प्रतिकूल. कोणाला किती वजन द्यावे, हे अधिनियम सांगत नाही. बोलींच्या अभ्यासकास हा पेच परिचित आहे : एका शब्दाची, एका प्रत्ययाची आणि एका उच्चाराची सीमा नकाशावर क्वचितच जुळते, आणि बोलीची सीमा ठरविताना अभ्यासकाला निवड करावीच लागते. ती निवड संगणकाच्या आत दडवली म्हणजे ती निःपक्षपाती होत नाही; फक्त दिसेनाशी होते.

अमेरिकन मापे जशीच्या तशी उचलणेही घातक ठरेल. त्यांची उभारणी दोन पक्षांच्या लढतीवर झाली आहे. बहुपक्षीय लढती आणि बदलत्या आघाड्या असलेल्या प्रदेशात 'वाया गेलेले मत' ही कल्पनाच अस्थिर होते. शिवाय राखीव जागांची निश्चिती अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणावर अवलंबून असते, आणि ते प्रमाण सीमा बदलताच बदलते. केवळ समान लोकसंख्या साधणारे प्रतिमान ह्या परिणामाकडे डोळेझाक करील.

तरीही परीक्षणाचे साधन म्हणून संगणकाची गरज आता वाढली आहे. १९६६ च्या मेघराज कोठारी खटल्यात परिसीमन आयोगाचे आदेश न्यायालयीन आव्हानापलीकडचे मानले गेले होते. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उघड मनमानी असलेल्या आदेशाबाबत न्यायालयीन पुनर्विलोकनाचे दार पूर्णपणे बंद नाही, असे स्पष्ट केले. एखादी रचना मनमानी आहे की अपरिहार्य, हे तुलनेवाचून सांगता येत नाही. नियमात बसणाऱ्या बहुसंख्य नकाशांत लोहा लातूरकडेच जात असेल, तर कंधारकरांची गैरसोय खरी असली तरी तो अन्याय नव्हे. ते क्वचितच तिकडे जात असेल, तर आयोगाने त्याची कारणे दिली पाहिजेत. पुढील परिसीमनाच्या वेळी निकष, त्यांची वजने आणि विचारात घेतलेले पर्याय आरंभीच प्रसिद्ध झाले, तर कंधारच्या मतदाराला आपली हरकत नेमक्या शब्दांत मांडता येईल. संगणकाने सीमा ठरवू नये. सीमा ठरविणाऱ्यास कारण सांगावयास भाग पाडावे, एवढे काम त्याच्याकडून निश्चित होण्यासारखे आहे.