बातमीदार, प्रेत आणि छापखाना

स्वस्त बोलपटांविषयीं गंभीरपणें लिहिणें आमच्या टीकाकारांना अजून कमीपणाचें वाटतें. शेक्सपिअरच्या शोकांतिका शिकविण्यांत ज्याची उमेद गेली, त्या प्रस्तुत लेखकालाही खुनाचा छडा लावणाऱ्या बातमीदारांच्या चित्रपटांचा विषय काढतांना प्रथम संकोच वाटला. परंतु गेल्या पावसाळ्यांत छत्रपति संभाजीनगर येथील आमच्या महाविद्यालयाच्या वाङ्मयमंडळानें अशा जातीचे दोन चित्रपट लागोपाठ दाखविले, आणि त्यानंतर एका विद्यार्थ्यानें जो प्रश्न विचारला, त्याचें उत्तर शोधतां शोधतां हा लेख झाला.

पहिला चित्रपट वॉर्नर ब्रदर्सचा 'स्मार्ट ब्लॉण्ड' (१९३७). टॉर्ची ब्लेन ही बातमीदार तरुणी त्याची नायिका. ती धांवत्या आगगाडीवर चढून एका धनिकाची मुलाखत मिळविते. तो गृहस्थ स्टेशनाबाहेर पडतो न पडतो तोंच मारला जातो. आणि पोलीस अधिकारी मॅकब्राइड अंधारांत चांचपडत असतां ही बाई खुनी हुडकून काढते. सारा खेळ तासाभरांत आटोपतो. १९३७ ते १९३९ या काळांत टॉर्चीचे नऊ चित्रपट निघाले. त्यांपैकीं सातांत ग्लेंडा फॅरेल हिनें ही भूमिका केली. मूळ कथांतील बातमीदार पुरुष होता. पडद्यावर तो स्त्री झाला, आणि जात्याच चपळ असलेल्या कथेला जिभेची धारही मिळाली.

असे चित्रपट मोठ्या चित्रपटाच्या जोडीला दाखविण्यासाठीं निघत. सबब खर्च थोडा. अशा निर्मात्याला बातमीदार हा नायक फार सोयीचा. त्याची कचेरी म्हणजे एक खोली, चार मेजें व एक टेलिफोन. तो राजवाड्यांत जातो तसाच गुत्त्यांतही जातो, आणि प्रश्न विचारणें हाच त्याचा धंदा असल्यामुळें लेखकाला निमित्त शोधावें लागत नाहीं. शिवाय बोलपट आल्यावर अनेक पत्रकार हॉलिवुडांत संवाद लिहूं लागले. ज्यांचें 'द फ्रंट पेज' हें नाटक १९३१ सालीं पडद्यावर आलें, ते हेक्ट व मॅकआर्थर स्वतः शिकागोचे बातमीदार होते. म्हणून या चित्रपटांतील खून खोटा वाटला, तरी छापखान्याच्या शाईचा वास खरा वाटतो.

परंतु त्यांचा खरा आधार एक श्रद्धा आहे. सत्य कळलें कीं तें टेलिफोनवर जातें, टेलिफोनवरून छापलें जातें, आणि छापलें कीं गुन्हेगाराच्या हातांत बेड्या पडतात. ही श्रद्धा कांहीं अंशीं सक्तीचीही होती. १९३४ पासून कडकपणें अमलांत आलेल्या नीतिसंहितेप्रमाणें गुन्हेगाराला मोकळें सोडण्याची मुभाच चित्रपटकाराला नव्हती.

दुसरा चित्रपट कुंदन शहा यांचा 'जाने भी दो यारो' (१९८३). राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा हा चित्रपटही अल्प खर्चांतच उभा राहिला. विनोद आणि सुधीर हे दोन गरीब छायाचित्रकार 'खबरदार' नांवाच्या पत्रासाठीं एका बिल्डराची लबाडी टिपूं पाहतात. बागेंत काढलेलें एक छायाचित्र मोठें करतां करतां त्यांत त्यांना खून दिसतो. ही कल्पना अंतोनिओनी यांच्या 'ब्लो-अप' (१९६६) या चित्रपटाची. दिग्दर्शकानें बागेला त्यांचेंच नांव देऊन ऋण मोकळेपणीं मान्य केलें आहे. पण येथें टेलिफोन आणि छापखाना यांमध्यें संपादिका शोभा उभी आहे. 'ती फुलराणी' गाजविणाऱ्या भक्ति बर्वे यांनीं ती इतक्या गोड आवाजांत उभी केली आहे कीं, हातीं आलेला पुरावा छापण्याऐवजीं विकावयाचा हा तिचा बेत आपल्याला उशिरां उमगतो.

नाटकगृहांतील महाभारताचा प्रवेश कित्येकांना निव्वळ धुडगूस वाटतो. आम्हांला तो चित्रपटाचें मर्म वाटतो. मारल्या गेलेल्या महापालिका आयुक्ताचें प्रेत तेथें द्रौपदी होऊन उभें आहे, आणि सारे पक्ष तें आपल्याकडे ओढीत आहेत. व्यासांच्या द्रौपदीनें निदान सभेला प्रश्न विचारला होता. येथें याला कोणी मारलें हें विचारण्याची कोणालाच गरज नाहीं. शेवटीं पूल पडल्याचा दोष त्या दोघां निरपराध्यांच्याच माथीं बसतो.

दिवे लागल्यावर तो विद्यार्थी म्हणाला, "सर, पुरावा तर टॉर्चीपेक्षां यांच्याजवळ अधिक होता; मग यांचें चुकलें कोठें?"

चुकलें असें कांहींच नाहीं, हेंच त्याचें उत्तर. शोधणें, छापणें आणि न्याय होणें या तीन निराळ्या गोष्टी आहेत. स्वस्त अमेरिकन चित्रपटानें त्या एकींत गुंफल्या, आमच्या चित्रपटानें त्या सोडवून दाखविल्या. जब्बार पटेल यांच्या 'सिंहासन' (१९७९) मध्यें खुनाचा तपास नाहीं, पण निळू फुले यांचा बातमीदार दिगू टिपणीस असाच सारें जाणतो, आणि त्या जाणण्याच्या भारानें शेवटीं वेड्यासारखा हसत सुटतो. पडद्याबाहेरचें वास्तव याहून कठोर. ११ जून २०११ रोजीं मुंबईंत पवई येथें गुन्हेगारी जगताचे वार्ताहर जे. डे यांच्यावर भर दिवसां गोळ्या झाडण्यांत आल्या. त्या खटल्यांत छोटा राजन व इतर आरोपींना जन्मठेप झाली ती २०१८ सालीं. तपास करणाराच येथें प्रेत झाला होता.

मग दुसरा चित्रपट निराशेचा म्हणावा काय? आम्हांला तसें वाटत नाहीं. टॉर्ची प्रेक्षकाला सर्व जबाबदारींतून मोकळें करते. खुनी पकडला गेला, आपण घरीं जावें. विनोद आणि सुधीर कैद्यांच्या कपड्यांत आपल्याकडे वळून गळ्यावरून हात फिरवितात, तेव्हां आपण तसेच उठून जाऊं शकत नाहीं. कारण जें छापलें गेलें नाहीं तें आपण पाहिलेलें असतें.

त्या विद्यार्थ्यानें आतां पत्रकारितेच्या अभ्यासक्रमासाठीं अर्ज केला असून, शिफारसपत्रावर आम्हीं आनंदानें सही केली आहे. दोन्ही चित्रपट पुन्हां पाहा, मात्र या वेळीं दुसरा आधीं पाहा, एवढेंच त्याला सांगितलें.