'तार्तुफ'चा पाचवा अंक

मोलिएरचं 'तार्तुफ' मी पुन्हा वाचलं. पहिल्या चार अंकांना सलाम. पाचव्या अंकाशी मात्र माझं भांडण आहे, ते इथं मांडतो.

गोष्ट साधी. ऑर्गों हा पॅरिसचा पैसेवाला गृहस्थ तार्तुफ नावाच्या भोंदू भक्ताला घरात आणून बसवतो. पोटची पोरगी त्याला द्यायला निघतो, घरदार बक्षीसपत्र करून त्याच्या नावावर करतो. भोंदू मालकाच्या बायकोवरच हात टाकतो आणि उघडा पडल्यावर मालकालाच म्हणतो, घर माझं, तू चालता हो! हे ढोंग पहिल्यापासून ओळखलं कुणी? दोरीननं. घरातली मोलकरीण. ती तोंडावर बोलते, मालकाची थप्पड चुकवते, पुन्हा बोलते.

पण सोडवतो कोण? राजा. पाचव्या अंकात त्याचा अधिकारी येतो, तार्तुफलाच पकडतो आणि सांगतो की राजाच्या नजरेतून ढोंग सुटत नाही, बक्षीसपत्र त्यानं आपल्या अधिकारात रद्द केलंय. म्हंजे मोलकरणीला पहिल्या अंकात दिसलं, त्याचं श्रेय शेवटी राजाला.

मोलिएरची अडचण मला कळते. १६६४ ला व्हर्सायला प्रयोग झाला आणि धर्ममार्तंड खवळले. एका पाद्र्यानं तर नाटककाराला जाळा असं लिहिलं. जाहीर प्रयोगांवर बंदी आली. १६६७ ला बदललेलं नाटक एकदाच झालं, पुन्हा बंदी. १६६९ ला चौदाव्या लुईनं परवानगी दिली तेव्हा कुठं नाटक उभं राहिलं. अनियंत्रित राजेशाहीत राजाची मर्जी हाच कायदा. तेव्हा त्यानं राजाला ओवाळलं, हे समजतं. पण समजणं वेगळं, पटणं वेगळं.

कारण हाच लुई पुढं काय करतो बघा. १५६२ ते १५९८ फ्रान्समध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात युद्धं चालली. १५७२ ला पॅरिसात प्रोटेस्टंटांची कत्तल झाली. १५९८ ला चौथ्या हेन्रीनं नांतचं फर्मान काढून प्रोटेस्टंटांना ठरावीक जागी उपासनेची मुभा दिली. हे कायमचं, कधीच न फिरणारं, असं त्यात लिहिलं होतं. लुई त्याचाच नातू. १६८१ पासून प्रोटेस्टंटांच्या घरात त्याचे शिपाई घुसवले गेले. खा, नासधूस करा, घरधनी धर्म बदलेपर्यंत हलू नका. १६८५ ला फर्मानच रद्द. कारण काय दिलं? बहुतेक प्रोटेस्टंट कॅथलिक झाले, आता फर्मानाची गरज नाही! प्रार्थनाघरं पाडली. त्यांच्या धर्मोपदेशकांनी पंधरा दिवसांत देश सोडायचा, बाकीच्यांनी सोडायचाच नाही. पळताना सापडलेल्या पुरुषाला जहाजावर वल्ही मारायची सजा. तरी दोनेक लाख माणसं निसटली.

ज्या अधिकारानं ऑर्गोंचं बक्षीसपत्र फाडलं, त्याच अधिकारानं नांतचं फर्मान फाडलं. नाटकात टाळ्या, बाहेर हंबरडा. मोलिएर १६७३ लाच गेला, हे त्यानं पाहिलं नाही. पण आपण पाहिलंय. राजानं दिलेली ती मेहेरबानी, आणि मेहेरबानीला मालक असतो. १७८९ च्या जाहीरनाम्यात धर्ममतासाठी कुणाला छळू नये असं लिहिलं गेलं, ते लोकांच्या प्रतिनिधींनी लिहिलं.

दोस्तांनो, नाटक वाचाच. आणि शेवटी दोरीनकडं बघा. सगळ्यांच्या आधी ओळखणारी ही बाई देवाचे आभार मानून मोकळी होते. मला तिथं तिच्या तोंडी एक प्रश्न हवा होता: आणि उद्या राजाच तार्तुफ निघाला तर?