‘मोकळा’ इलेक्ट्रॉन कितपत पुरतो?

वणी तालुक्यात उकणीसारख्या कोळशाच्या खुल्या खाणी आहेत. कोळशाचा खडा तेथील मुलांना सहज मिळतो. दोन सेल, एक एलईडी आणि पेन्सिलीचे शिसे घेऊन ग्रॅफाइटचा नेहमीचा प्रयोग करावा आणि मग शिशाच्या जागी कोळसा धरावा. एलईडी लागत नाही. दोन्हींत मुख्यतः कार्बनच, मग असे का?

इयत्ता नववीच्या ‘कार्बन : एक महत्त्वाचे मूलद्रव्य’ या पाठातील विवेचन मोकळ्या इलेक्ट्रॉनवर थांबते. ग्रॅफाइटमधील प्रत्येक अणू तीन शेजाऱ्यांशी बांधलेला असतो, चौथा इलेक्ट्रॉन थरभर फिरतो, म्हणून वीज वाहते. हे चूक नाही. कोळशातही षट्कोनी कड्यांचे तुकडे असतात, पण सलग जाळी नसते, असे सांगून कोळशाचा प्रश्नही मिटवता येतो. माझा आक्षेप त्या ‘म्हणून’ला आहे.

बोरॉन नायट्राइड पाहा. बोरॉनचे बाह्य कक्षेतील इलेक्ट्रॉन 3, नायट्रोजनचे 5, जोडीचे 8. दोन कार्बन अणूंचेही 8. जाळी तीच, षट्कोनी. अणूंमधील अंतर कार्बनमध्ये 0.142 नॅनोमीटर, येथे 0.145. दर जोडीमागे 6 इलेक्ट्रॉन बंधांत खर्ची पडतात आणि दोन्हीकडे 2 उरतात. हिशेब तंतोतंत जुळतो, तरीही हा पदार्थ पक्का विसंवाहक! कारण कार्बनच्या जाळीत शेजारी सारखेच असल्याने इलेक्ट्रॉनला एका अणूपाशी थांबण्याचे कारण नसते. येथे नायट्रोजन त्याला आपल्याकडे ओढून धरतो. तेथून सोडवायला सुमारे 6 इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते. दृश्य प्रकाशाच्या कणाकडे फार तर 3 असते. त्यामुळे तो शोषला जात नाही आणि बोरॉन नायट्राइड पांढरे दिसते, तर ग्रॅफाइट काळे. पुस्तकात एवढ्यासाठी चार ओळी पुरल्या असत्या.

‘पदार्थ ठरला की गुणधर्म ठरला’ ही आपली आणखी एक सवय. तिला 2004 मध्ये वेगळ्या केलेल्या ग्रॅफीनच्या, म्हणजे एकाच अणूच्या जाडीच्या थराच्या, फिती छेद देतात. फळ्यावर षट्कोनांची जाळी काढून मुलांना ती दोन दिशांनी कापायला सांगावे. एका दिशेने झिगझॅग कड मिळते; 30 अंश वळून कापले तर ‘आर्मचेअर’ म्हणतात ती. आर्मचेअर फीत अर्धवाहक होते आणि एकाच कुळातील फितींत रुंदी कमी करावी तशी तिची ऊर्जाफट वाढते. झिगझॅग फितीत इलेक्ट्रॉन कडांवर गोळा होतात, असे 1996 मध्ये जपानी संशोधकांनी गणिताने दाखवले. एका कडेचे सारे स्पिन वर, समोरच्या कडेचे खाली. कडा चुंबकीय, पण एकूण बेरीज शून्य. बोरॉन नायट्राइडच्या फितीच्या कडा हायड्रोजनने झाकल्या, की हे चुंबकत्व उरत नाही.

या दोहोंची सरमिसळही झाली आहे. बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातील सुदीप्त दत्त, अरुण मन्ना आणि स्वपन पाती यांनी 2009 मध्ये कार्बनच्या झिगझॅग फितीत हळूहळू बोरॉन व नायट्रोजन भरत नेले. इलेक्ट्रॉनांची संख्या कायम ठेवली. काही रचनांत एकाच स्पिनचे इलेक्ट्रॉन वाहतात आणि दुसऱ्याचे अडतात, असे त्यांना आढळले.

‘भरत नेले’ म्हणजे संगणकावर. आपल्या वृत्तपत्रांतील विज्ञानलेखांत नेमका हाच शब्द गळतो आणि ‘कोळशापासून चुंबकीय संगणक’ असे काहीतरी मुलांच्या कानी पडते. अणूअणूने बांधलेली नेटक्या कडांची झिगझॅग फीत प्रयोगशाळेत तयार झाली ती 2016 मध्ये, भाकितानंतर वीस वर्षांनी, आणि तीही सोन्याच्या पृष्ठभागावर रेणू जोडून. ती वीस वर्षे लेखात आली असती, तर वर्गात सांगायला जास्त उपयोगी पडली असती.