कोसळण्याचे कारण : ‘स्प्लॅश माऊंटन’च्या पुनर्रचनेचा वाद

एखाद्या मनोरंजन उद्यानातील जलसफर बदलावी की बदलू नये, हा प्रश्न वाङ्मयसमीक्षेच्या कक्षेत येतो काय, अशी शंका प्रथमदर्शनी उद्भवणे स्वाभाविक आहे. तथापि जी जलसफर एक कथा सांगते, जिच्या कथेला लेखी व मौखिक अशी दोन्ही परंपरा आहे आणि जिच्या बदलावरून सहस्रावधी चाहत्यांनी ‘मूळ’ कोणते यासंबंधी हिरिरीने वाद घातला, ती सफर कलाकृतीच्या अभ्यासकास उपेक्षणीय मानता येणार नाही. अमेरिकेतील ‘स्प्लॅश माऊंटन’ ही अशी कृती होय.

तिचे स्वरूप प्रथम पाहणे अवश्य आहे. डोंगरातून लाकूड खाली आणण्यासाठी लाकूडतोडे पाण्याचे पाट बांधीत आणि ओंडके त्यांत सोडून देत. या श्रमाच्या साधनाचे खेळात रूपांतर झाले. ओंडक्याच्या आकाराच्या होडीत प्रेक्षकास बसवून पाटाने नेण्याची पहिली सफर टेक्सासमधील एका उद्यानात १९६३ साली सुरू झाली. ‘स्प्लॅश माऊंटन’ने या पाटाला कथेची जोड दिली. १७ जुलै १९८९ रोजी ती कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये उघडली व १९९२ साली फ्लोरिडा आणि टोकियो येथेही उभी राहिली. होडी अंधाऱ्या गुहांतून, यांत्रिक बाहुल्यांच्या प्रसंगांमधून जाते आणि अखेरीस सुमारे ५२ फुटांवरून खाली कोसळते.

कथा एका सशाची. तो घर सोडून साहसासाठी निघतो, कोल्हा व अस्वल त्याच्या मागे लागतात, तो त्यांच्या हाती सापडतो. मरण समोर दिसत असता ‘काहीही करा, पण काटेरी जाळीत तेवढे फेकू नका’ अशी गयावया तो करतो. कोल्हा नेमके तेच करतो. परंतु ससा जन्मला वाढला तो त्या काट्यांतच. तेथे पडणे म्हणजे त्याची सुटका. होडीचे कोसळणे म्हणजे सशाचे हे फेकले जाणे होय.

ही कथा आली ती ‘साँग ऑफ द साऊथ’ या १९४६ च्या चित्रपटातून. चित्रपटाचा आधार जोएल चँडलर हॅरिस या लेखकाने १८८० साली प्रसिद्ध केलेला अंकल रीमसच्या कथांचा संग्रह. हॅरिसने त्या जॉर्जियातील एका मळ्यावर, गुलामगिरीच्या काळात, गुलाम केलेल्या कृष्णवर्णीयांच्या तोंडून ऐकल्या होत्या. चित्रपटाने मळ्यावरील जीवन असे सुखाचे रंगविले की कृष्णवर्णीयांच्या संघटनांनी तेव्हाच त्याचा निषेध केला. अंकल रीमसची भूमिका करणारे जेम्स बास्केट यांस अटलांटातील वर्णभेदामुळे पहिल्या खेळास उपस्थित राहता आले नाही. त्याच भूमिकेसाठी १९४८ साली त्यांना विशेष ऑस्कर देण्यात आले. पुढे हा चित्रपट अमेरिकेत घरगुती चित्रफितीच्या रूपात कधीच विक्रीस आला नाही. सफर मात्र तीन दशके गर्दी खेचीत राहिली.

२५ मे २०२० रोजी जॉर्ज फ्लॉइड यांची हत्या झाली व वर्णद्वेषाचा प्रश्न तेथील सार्वजनिक जीवनात पुन्हा अग्रभागी आला. सफरीची कथा बदलावी असा अर्ज चाहत्यांनीच पुढे केला. बदलू नये असाही अर्ज निघाला. २५ जून २०२० रोजी कंपनीने जाहीर केले की, अमेरिकेतील दोन्ही सफरींना ‘द प्रिन्सेस अँड द फ्रॉग’ (२००९) या चित्रपटाचे रूप देण्यात येईल. टोकियोचा त्यात समावेश नव्हता. फ्लोरिडातील सफर जानेवारी २०२३ मध्ये व कॅलिफोर्नियातील मे २०२३ मध्ये थांबली. शेवटच्या दिवसांत पाटातील पाणी बरण्यांत भरून विक्रीस मांडल्याचे प्रकार घडले. ‘टियानाज बायू ॲडव्हेंचर’ या नावाने नवी सफर २८ जून २०२४ रोजी फ्लोरिडात आणि १५ नोव्हेंबर २०२४ रोजी कॅलिफोर्नियात सुरू झाली.

जुन्याच्या कैवाऱ्यांचा मुख्य युक्तिवाद असा की, सफरीत आक्षेपार्ह काही उरलेच नव्हते. हे विधान तपासून पाहिले असता उलट निष्कर्ष निघतो. १९८९ च्या रचनाकारांनी अंकल रीमस हे पात्र वगळले. फ्लोरिडातील आवृत्तीत निवेदन एका बेडकाकडे गेले. मूळ कथेत ससा डांबराच्या बाहुलीला चिकटतो; सफरीत डांबराऐवजी मध आला. इतकेच नव्हे, तर प्रसंगांतील पुष्कळशा बाहुल्या ‘अमेरिका सिंग्ज’ या १९७४ ते १९८८ पर्यंत चाललेल्या दुसऱ्याच खेळातून उचलून आणल्या होत्या. म्हणजे ज्याला चाहते ‘मूळ’ म्हणत, तीच एक पुनर्रचना होती. शिवाय निवेदक काढल्याने दोष गेला असे नव्हे. ज्यांनी कथा रचली व जपली त्यांची उरलीसुरली खूण तेवढी पुसली गेली. हॅरिसच्याच गावी, ईटनटन येथे जन्मलेल्या लेखिका ॲलिस वॉकर यांनी १९८१ साली हॅरिसवर असाच आक्षेप घेतला होता : आपल्या पूर्वजांचा वारसा त्याने हिरावून घेतला, असे त्यांचे म्हणणे.

मुळाचा शोध आणखी मागे नेला तर तो भारताच्या दारी येतो. पंचावुध जातकात बोधिसत्त्व एका राक्षसावर प्रहार करतो. राक्षसाच्या चिकट केसांना त्याचे हात, पाय व शेवटी मस्तकही चिकटते. तरी तो भीत नाही आणि त्या निर्भयतेनेच सुटतो. डांबराच्या बाहुलीचे मूळ या जातकात असल्याचे मत जोसेफ जेकब्ज यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडले व ऑरेलिओ एस्पिनोसा यांनी १९३० साली अनेक पाठांच्या तुलनेने ते पुढे नेले. पश्चिम आफ्रिकेत अनान्सी या कोळ्याच्या कथांतही चिकट बाहुली आहे आणि आफ्रिकी उगमाचा पक्षही तितकाच समर्थ आहे. येथे त्या वादाचा निकाल लावण्याचे कारण नाही. दुर्बळाने बलिष्ठाला बुद्धीने चकविणे हे कथाबीज कोणा एका लोकसमूहाच्या मालकीचे नाही. लेकीकडून भोपळ्यात बसून परतणारी मराठी म्हातारी हीही त्या सशाची सख्खी नातलगच. परंतु बीज सार्वत्रिक असले तरी पीक ज्या मातीत येते तिचा गुण घेते. जॉर्जियातील मळ्यावर ‘मला काट्यांत फेकू नका’ या आर्जवाला जो अर्थ होता तो केवळ विनोदाचा नव्हता. धन्याच्या क्रौर्यालाच आपल्या सुटकेचे साधन करणाऱ्या माणसांचे ते शहाणपण होते.

मग नवी सफर कशी ठरते? तिची नायिका टियाना ही न्यू ऑर्लिन्समधील कृष्णवर्णीय तरुणी, स्वतःच्या कष्टांवर व्यवसाय उभारणारी. त्याच शहरातील नामवंत पाककर्त्या लिया चेस (१९२३–२०१९) यांच्या जीवनातून तिच्या घडणीला प्रेरणा मिळाली. ज्या डोंगरावरून सांगणारे हद्दपार झाले होते तेथे त्यांच्या वंशातील स्त्री यजमान म्हणून उभी राहते, हे सामान्य नव्हे. या दृष्टीने बदल न्याय्य होता यात संशय नाही.

परंतु न्याय्य हेतूने कलाकृतीचा घाट आपोआप सिद्ध होत नाही. नव्या कथेत टियाना उत्सवासाठी वादक शोधते. वाटेत मामा ओडी प्रेक्षकांस बेडकाएवढे लहान करते आणि शेवटच्या उतारावरून त्यांस परत पूर्ववत करून धाडते. खलपात्र नाही, संकट नाही. पाट तोच, उंची तीच. मात्र कोसळण्याचे कारण नाहीसे झाले. चाहत्यांच्या तक्रारींतील हा भाग केवळ स्मृतिकातरतेचा म्हणून सोडून देता येत नाही.

येथे परभणी जिल्ह्यातील येलदरीचे उदाहरण उपयोगी पडेल. पूर्णा नदीवरील धरणाचे पाणी तेथे खाली येताना वीज निर्माण करते. पुढे सिद्धेश्वर धरणात अडून ते कालव्यांनी शेतांत जाते. त्या पडण्याला स्वतःचे प्रयोजन आहे, त्यास कथेची गरज नाही. जलसफरीत व्यवहार नेमका उलटा. तेथे वीज खर्चून पाणी वर चढविले जाते, ते केवळ पुन्हा पडावे म्हणून. ज्या पतनाला उपयोगाचे कारण नाही त्याला अर्थाचे कारण द्यावे लागते, आणि तो अर्थ कथेखेरीज अन्य कोणी देऊ शकत नाही. जुन्या सफरीने तो दिला होता : भय दाखवावे, फेकले जावे आणि भयाच्या पोटी घर सापडावे. मर्ढेकरांच्या परिभाषेत सांगावयाचे तर संवाद, विरोध व समतोल या तिन्ही लयी त्या एका क्षणी एकत्र येत. नव्या सफरीत संवाद विपुल आहे; विरोध नसल्यामुळे समतोलाला तोलावयास काही उरत नाही.

यावर कोणी म्हणेल की, कथा बदलली की असे व्हावयाचेच. तसे नाही. महाभारतातील दुष्यंत शकुंतलेला ओळखून नाकारतो. कालिदासाने दुर्वासाचा शाप आणि अंगठी आणून नकाराचे कारणच पालटले. पण कारण पालटताच त्याने पुढील सर्व रचना त्या कारणातून नव्याने उभारली : अंगठी माशाच्या पोटी जाते, धीवर सापडतो, राजाला स्मृती येते, पश्चात्ताप येतो. म्हणूनच ‘शाकुंतल’ वाचताना महाभारतातील ‘मूळ’ हरवल्याची हळहळ कोणास वाटत नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी तेच नाटक १८८० साली, म्हणजे हॅरिसच्या संग्रहाच्याच वर्षी, मराठी संगीत रंगभूमीवर आणले आणि ते पुन्हा नवे झाले. पुनर्रचनेचा दोष बदल करण्यात नसतो; तो अर्धा बदल करण्यात असतो.

एतावता या वादातील दोन्ही पक्षांनी प्रश्न अपुरा मांडला असे दिसते. एका पक्षाने जुने रूप निर्दोष मानले आणि त्यातून पूर्वीच कोण वगळले गेले हे पाहिले नाही. दुसऱ्याने पात्र बदलणे पुरेसे मानले आणि पात्राच्या वाट्याला संकट दिले नाही. वस्तुतः टियानाच्या वाट्याला संकट देणे म्हणजे तिचा अवमान नव्हता. मळ्यावरच्या त्या अनाम कथाकारांनी संकटातूनच आपला ससा घडविला होता. त्यांच्या वंशजांच्या नायिकेला निर्वेध सुखाची मेजवानी देण्यापेक्षा सशाची ती चतुराई परत दिली असती, तर डोंगरावरून कोसळणाऱ्या पाण्याला त्याचे कारण लाभले असते आणि कथेला तिचे खरे धनी.