मुक्त संगीत प्रणालीच्या फाईल-भांडाराचे नियोजन : ‘एलएमएमएस’च्या निमित्ताने एक चिकित्सा

बीजसंज्ञा : मुक्त स्रोत सॉफ्टवेअर, संगणकीय संगीत, फाईल-भांडार, परवाना, जतन

प्रस्तावना

मुक्त स्रोत सॉफ्टवेअरची चर्चा आपल्याकडे बहुधा त्याच्या मोफतपणापाशी येऊन थांबते. संगीतनिर्मितीच्या प्रणालीबाबत मात्र खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. अशा प्रणालीवर तयार झालेल्या रचना ठेवायच्या कोठे, कोणत्या अटींवर आणि कोणाच्या भरवशावर? प्रस्तुत लेखात ‘एलएमएमएस’ या प्रणालीच्या आधारे या प्रश्नाची चिकित्सा केली आहे. २००४ मध्ये लिनक्ससाठी सुरू झालेली ही प्रणाली आज विंडोज व मॅकवरही चालते आणि जीएनयू सार्वजनिक परवान्याखाली उपलब्ध आहे. वापरकर्त्यांना आपल्या रचना, ध्वनींचे तुकडे म्हणजे सॅम्पल, तसेच वाद्यांच्या जुळवण्या एकमेकांना देता याव्यात म्हणून या प्रकल्पाने स्वतःचे फाईल-भांडार उभारले.

जागेचा हिशेब

नियोजनात प्रथम विचार होतो तो जागेचा. सीडीच्या दर्जाच्या दोन वाहिन्यांच्या ध्वनीला, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नोंदी व प्रत्येकी १६ बिट या हिशेबाने, मिनिटाला सुमारे १० मेगाबाइट लागतात. पाच मिनिटांची रचना ५० मेगाबाइटच्या पुढे जाते. तीच १२८ किलोबिट दराने एमपी३ केल्यास ५ मेगाबाइटच्या आत बसते. एलएमएमएसची प्रकल्प-फाईल मुळात ध्वनी साठवीत नाही. कोणता स्वर केव्हा, किती वेळ व कोणत्या वाद्यावर वाजावा याची ती एक्सएमएल स्वरूपातील नोंद असते. त्यामुळे ती ध्वनिफाईलच्या तुलनेत फारच लहान असते.

खर्चाचा भार साठवणुकीपेक्षा वाहतुकीचा अधिक असतो. ५ मेगाबाइटची फाईल १०,००० जणांनी उतरवून घेतली तर ५० गिगाबाइट माहिती सर्व्हरमधून बाहेर जाते. स्वयंसेवकांच्या समुदायाला प्रकल्प-फाईल ठेवणे म्हणूनच परवडते. अभ्यासकालाही ती अधिक उपयोगी, कारण तयार गाण्यात न दिसणारी रचनेची घडण तीत उलगडून पाहता येते. हे या भांडाराचे खरे बलस्थान होय.

फाईलची पूर्णता

या बलस्थानातच एक उणीव दडलेली आहे. रचनाकाराने बाहेरचे सॅम्पल वापरले असेल, तर प्रणालीच्या १.२ मालिकेत प्रकल्प-फाईलमध्ये त्याचा ध्वनी नसून सामान्यतः केवळ संगणकावरील त्याचा पत्ता असतो. बाहेरच्या व्हीएसटी वाद्यांचीही स्थिती तीच. दुसऱ्याने फाईल उघडली की स्वरांची मांडणी दिसते, वाद्य मात्र मूक राहते. भांडारात फाईल असते, पण रचना नसते. केवळ प्रणालीतील अंगभूत वाद्यांवर बेतलेली रचना या दोषातून बऱ्याच अंशी सुटते. परंतु भांडाराने रचनाकाराची निवड मर्यादित करावी असे कोणी म्हणणार नाही. फाईल स्वीकारतानाच तिला लागणारे सॅम्पल, वापरलेल्या वाद्यांची यादी आणि ऐकण्याजोगी एक ध्वनिप्रत मागणे, हा त्यावरील उपाय आहे. त्याने जागा थोडी वाढेल, पण भांडाराचे प्रयोजन टिकेल.

परवान्यांची गुंतागुंत

सॅम्पलसोबत त्याचा परवानाही येतो. बार्सिलोना येथील पोम्पेउ फाब्रा विद्यापीठाच्या संगीत-तंत्रज्ञान गटाने २००५ मध्ये ‘फ्रीसाउंड’ हे ध्वनिभांडार सुरू केले. तेथील ध्वनी प्रारंभी ‘सॅम्पलिंग प्लस’ या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली असत. २०११ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सने तो परवाना निवृत्त केला. एका भांडाराला आपल्या परवान्यांची घडी नव्याने बसवावी लागते, हे या उदाहरणावरून ध्यानात यावे.

अडचण मिश्रणाची आहे. व्यापारी वापरास मनाई असलेले एक सॅम्पल आणि ‘याच अटींवर पुढे द्या’ अशी अट असलेले दुसरे, ही दोन्ही एका रचनेत मिसळली तर ती रचना कायदेशीरपणे प्रसिद्ध करता येत नाही. शिवाय डेबियनसारखी वितरणे कोणत्याही क्षेत्रातील वापरावर बंदी घालणारे साहित्य आपल्या मुख्य संग्रहात घेत नाहीत. म्हणजे सद्भावनेने दिलेले सॅम्पलही प्रणालीच्या सोबत जाऊ शकत नाही. परवान्यांची लांब यादी पुढे ठेवणे हे औदार्य वाटते. प्रत्यक्षात निवडीचा भार ती कायद्याची जाण नसलेल्या नवोदित रचनाकारावर टाकते.

भांडाराचे आयुष्य

एमपी३डॉटकॉमचे २००३ मध्ये हस्तांतर झाले आणि तेथील गीतसंग्रह बंद झाला. २००३ ते २०१५ या काळात मायस्पेसवर चढविलेले संगीत सर्व्हर बदलताना नष्ट झाल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. गूगल कोड २०१६ मध्ये बंद पडले. व्यापारी यजमानाच्या विनामूल्य जागेवर विसंबण्यातील धोका यावरून स्पष्ट होतो. मात्र स्वयंसेवकांचा स्वतःचा सर्व्हर सुरक्षित असतो असेही म्हणता येत नाही. देखभाल करणारी व्यक्ती बाजूला झाली की तोही थांबतो. मायस्पेसवरील सुमारे ४,९०,००० गाणी वाचली, ती एका संशोधक गटाने अभ्यासासाठी पूर्वी प्रती घेऊन ठेवल्यामुळे. त्या प्रती पुढे इंटरनेट आर्काइव्हने उपलब्ध केल्या. जतन झाले ते मालकामुळे नव्हे, दुसरीकडे प्रत असल्यामुळे.

निष्कर्ष

१. फाईल-भांडाराच्या नियोजनात जागा हा तुलनेने सोपा प्रश्न आहे. पूर्णता, परवाना व उत्तराधिकार हे कठीण प्रश्न होत.

२. प्रत्येक रचनेसोबत तिचे सॅम्पल, वाद्यांची यादी व ध्वनिप्रत असावी.

३. परवाने मोजके, परस्परांशी जुळणारे व पुनर्वितरणास मोकळीक देणारे असावेत.

४. संपूर्ण भांडाराची, माहितीनोंदींसह, प्रत घेण्याची सोय पहिल्या दिवसापासून असावी. अशी प्रत सांभाळणे हे विद्यापीठे व महाविद्यालयीन ग्रंथालये यांच्या मूळ कार्याशी सुसंगत आहे.

प्रणालीची आज्ञावली मुक्त असूनही तिच्यावर घडलेले संगीत दहा वर्षांनी उघडता येणार नसेल, तर ते मुक्तत्व अपुरे ठरते.