प्रेक्षक, दर्शक आणि बघे

'प्रेक्षक' हा शब्द आम्हा तिगावकरांना दोन वेषांत भेटतो. मराठी रंगभूमीवर तो 'मायबाप प्रेक्षक' असतो. नट त्याच्यापुढे वाकतो. निवडणुका आल्या की मध्य प्रदेशातल्या हिंदी सरकारी कागदांवरही 'प्रेक्षक' येतो. तो मात्र आयोगाने पाठवलेला अधिकारी. त्याच्यापुढे भलेभले वाकतात! पलीकडे नरखेड-काटोलात त्याच अधिकाऱ्याला 'निवडणूक निरीक्षक' म्हणतात.

'दर्शक'ची गंमत याहून मोठी. हिंदीत सुटा 'दर्शक' म्हणजे पाहणारा, मराठीत दाखवणारा. दिशादर्शक फलक दिशा दाखवतो, पाहत नाही. 'हा', 'तो' यांना मराठी व्याकरण दर्शक सर्वनामे म्हणते, ती बोट दाखवतात म्हणून. संस्कृतात दोन्ही अर्थ होते. पुढे दोन बहिणींनी वाटणी करून घेतली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला, नागपूर मुंबई राज्यात गेले, आणि शाळा-कचेरीतून हिंदीचा वाटा आमच्या मराठीत आला. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, तरी ही सरमिसळ तशीच आहे.

त्यामुळे 'दर्शकांनी नाटकाला दाद दिली' असे कोणी लिहिले, तर मी नाक मुरडत नाही. शेजारधर्मात शब्दांची उसनवारी चालायचीच. माझी तक्रार निराळी आहे. उसना शब्द घरातल्या दोन शब्दांमधला भेद पुसतो, तेव्हा लेखन आंधळे होते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची गोटमार घ्या. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवलेले, त्यावर झेंडा. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, आणि मध्ये दगडांचा वर्षाव. माणसे रक्तबंबाळ होतात. जीवही गेले आहेत. या दिवसाचे वर्णन करताना 'हजारो दर्शक जमले होते' असे लिहिणे फार सोपे. मराठीत मात्र इथे थांबून निवड करावी लागते. खेळाला जमतात ते प्रेक्षक; अपघाताभोवती जमतात ते बघे. 'प्रेक्षक' म्हटले की गोटमार खेळ ठरते, 'बघे' म्हटले की दुर्घटना. 'दर्शक' म्हटले की लेखक सुटला!

आणि खरे सांगायचे, तर हे दोन्ही शब्दही तिथे अपुरे पडतात. जिचा भाऊ त्या पात्रात उतरला आहे, ती काठावरची बहीण प्रेक्षक नाही आणि बघीही नाही. तिच्यासाठी एका शब्दावर भागत नाही, तिच्यावर कथाच लिहावी लागेल. आमच्या भागातल्या लिहित्या मुलामुलींकडून मला ती कथा हवी आहे. गर्दीचा आकडा मोजण्याआधी त्यांनी त्या गर्दीतला एक चेहरा पाहावा आणि मग त्याला काय म्हणायचे ते ठरवावे. हिंदीतला दर्शक पाहतो, मराठीतला दाखवतो. ज्याच्या घरात दोन्ही भाषा नांदतात, त्याने एकावरच का थांबावे?