कर्ता की करण? : बेतलेल्या प्रवासाच्या गद्यातील स्थानिक माणूस

१

मराठीत शिंपी कापड बेततो आणि प्रवासी प्रवासाचा बेत करतो. बेत आणि बेतणे हे दोन शब्द भाषेत इतके शेजारी नांदतात, की अलीकडे प्रचारात आलेल्या एका प्रवासप्रकारासाठी निराळा शब्द घडवण्याचे कारण पडू नये. सर्वांसाठी एकच ठरीव सहल न काढता, एखाद्या कुटुंबाची किंवा चार मित्रांची आवड, सवड आणि ऐपत पाहून प्रवास आखावयाचा. त्यात वन्यप्राण्यांचे दर्शन आणि तेथील लोकजीवनाचा परिचय ह्या दोहोंना स्थान द्यावयाचे. आणि हे सर्व स्थानिकांच्या साहाय्याने घडवून आणावयाचे, असा हा प्रकार आहे. त्याच्या पोटी दिवसवार कार्यक्रमाचे, परिचयपत्रकांचे आणि निमंत्रणांचे एक गद्यही जन्मास आले आहे. ते व्यापारी मजकूर म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. परंतु आज पुष्कळ वाचकांना जंगलाची आणि जंगलाकाठच्या माणसांची पहिली ओळख ह्याच गद्यातून होते. ज्या लेखनातून माणसे माणसांकडे पाहावयास शिकतात, त्याची परीक्षा करणे समीक्षेच्या कक्षेबाहेरचे नव्हे.

ही परीक्षा शिंप्याच्याच दृष्टान्ताने आरंभिता येईल. जाणता शिंपी दोन मापे घेतो. एक अंगाचे आणि दुसरे कापडाचे. अंगाचे माप कितीही बिनचूक असले, तरी कापडाचा पन्हा न पाहता कात्री चालवली तर कपडा फसतो. प्रवासाच्या बेतात प्रवाशाचे माप घेतले जाते, ह्यात शंका नाही. प्रश्न आहे तो स्थळाच्या पन्ह्याचा. तेथील ऋतू, वहिवाट, देवदेवता, कामाचे दिवस आणि बंदीचे दिवस ही स्थळाची मापे होत. ती ज्याच्यापाशी आहेत तो स्थानिक माणूस. ह्या गद्याच्या वाक्यरचनेत त्याला कोणते स्थान मिळते, ह्यावरून दुसरे माप घेतले गेले की नाही हे ओळखता येते.

२

मराठीची तृतीया विभक्ती येथे उपयोगी पडते. 'वाटाड्याने वाट दाखवली' आणि 'काठीने फांदी वाकवली' ह्या दोन्ही वाक्यांत 'ने' हाच प्रत्यय आहे. परंतु पहिल्यात तो कर्त्याला लागला आहे आणि दुसऱ्यात करणाला, म्हणजे साधनाला. एकाच प्रत्ययाने माणूस कर्ताही होतो आणि हत्यारही होते. 'स्थानिकांच्या मदतीने' हा ह्या गद्यातील लाडका वाक्प्रयोग. ह्यात स्थानिक माणूस षष्ठीत गेला, त्याची मदत तृतीयेत आली आणि मदत हे साधन ठरले. बेत करणारा कर्ता वाक्यात कोठेच दिसत नाही. तो शहरात बसला आहे, असे वाचक समजून घेतो.

दिवसवार कार्यक्रमाची भाषा याहून पुढे जाते. तिचा नमुना साधारणतः असा असतो: 'दुसरा दिवस: पहाटे स्थानिक मार्गदर्शकासह वनभ्रमण. सायंकाळी आदिवासी नृत्याचा आस्वाद.' ह्या दोन वाक्यांत एकही क्रियापद नाही. क्रियापद नाही म्हणून काळ नाही आणि कर्ताही नाही. नाचणारे कोण, ते एरवी केव्हा नाचतात, कोणत्या पिकानंतर अथवा कोणत्या देवापुढे नाचतात, त्या सायंकाळी नाचण्याची त्यांची इच्छा आहे काय, ह्यांपैकी एकही प्रश्न अशा रचनेत उद्भवूच शकत नाही. उरते ते केवळ 'आस्वाद' हे भाववाचक नाम, आणि आस्वाद घेणारा एकच: प्रवासी. लेखकाच्या मनात दुष्टावा नसतो. पण वाक्यरचनेने जे वगळले, ते बहुधा विचारातूनही वगळले गेलेले असते.

३

हा दोष केवळ भाषेचा नाही, हे चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबाच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ साली स्थापन झाले. अंधारी अभयारण्य १९८६ साली घोषित झाले आणि १९९५ साली दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्प अस्तित्वात आला. परंतु नाव त्याहून फार जुने आहे. तारू नावाचा एक गावप्रमुख वाघाशी झालेल्या झुंजीत मरण पावला आणि देव झाला, अशी गोंड लोकांची कथा आहे. तलावाच्या काठी, मोठ्या वृक्षाखाली त्याचे ठाणे आहे, आणि पौषातील यात्रेसाठी ते ओळखले जाते. म्हणजे ज्या वाघासाठी प्रवासी तेथे जातो, त्या वाघाशी माणसाचे जे नाते होते, तेच त्या जंगलाचे नाव आहे. असे असता कार्यक्रमपत्रकात सकाळच्या रकान्यात वन्यजीव आणि सायंकाळच्या रकान्यात संस्कृती अशी विभागणी केली जाते. जी गोष्ट स्थानिकाच्या बोलण्यात एक आहे, ती रकान्यांनी दोन केली. महाराष्ट्रात आणि गोमंतकात ठिकठिकाणी वाघोबाची ठाणी आहेत. तेथेही वाघ हा प्राण्यांच्या यादीत बसतो की देवांच्या, हा प्रश्न पूजा करणाऱ्याला पडत नाही.

ताडोबात मार्गदर्शक स्थानिक असावा अशी व्यवस्था आहे. आसपासच्या गावांतील तरुण, आणि आता तरुणीही, प्रत्येक वाहनाबरोबर असतात. त्यातून अनेक घरांना रोजगार मिळाला, हे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. २०१२ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्रप्रकल्पांच्या गाभाक्षेत्रातील पर्यटन तात्पुरते थांबवले आणि ऑक्टोबरात नव्या मार्गदर्शक तत्त्वांनंतर ते पुन्हा सुरू झाले, तेव्हा ह्या रोजगाराचा प्रश्न ऐरणीवर आला होता. परंतु मार्गदर्शक बेतात प्रवेश करतो तो केव्हा? दिवस ठरला, प्रवेशद्वार ठरले, वाहन ठरले, फेरी सकाळची की दुपारची हेही ठरले. त्यानंतर द्वारापाशी तो वाहनात चढतो. कपडा शिवून झाल्यावर पन्हा विचारावा, तसा हा प्रकार. त्याला जे ठाऊक आहे त्यातले वाघाचे ठिकाण तेवढे विचारले जाते. कोणते गाव ह्या जंगलातून उठून बाहेर वसले, मोह वेचण्याचे दिवस कोणते, तारूच्या ठाण्याशी त्याच्या घराण्याचा संबंध काय, हे विचारण्याइतकी फेरीत सवड नसते.

४

मराठी वाङ्मयात ह्याहून निराळा पाठ उपलब्ध आहे. मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) हे वनाधिकारी होते. जंगलात ते शासनाच्या अधिकाराने गेले. तरीही त्यांच्या लेखनात ज्ञान बहुधा सांगणाऱ्यासह येते. नवेगावबांधच्या दिवसांविषयी लिहिताना माधवराव पाटील डोंगरवार ह्यांचे नाव त्यांच्या गद्यात वारंवार येते, आणि ते मदतनिसाचे नाव म्हणून येत नाही. पक्षी, मासे आणि तलाव ह्यांविषयी जाणणारा आणि बोलणारा माणूस म्हणून ते येते. वाक्याचा कर्ता 'माधवराव' असतो आणि 'म्हणाले', 'सांगू लागले' ही क्रियापदे त्यांची असतात. अधिकारी येथे श्रोत्याच्या आसनावर बसतो. ह्या एका व्याकरणिक उलथापालथीत चितमपल्लींच्या गद्याचे पुष्कळसे बळ साठवले आहे.

नवेगावबांध हे स्थळही ह्या दृष्टीने बोलके आहे. तेथील तलाव अठराव्या शतकात कोलू पटेल कोहळी ह्यांनी बांधला, असे परंपरा सांगते. तलाव बांधण्यात कोहळी समाजाचे कौशल्य भंडारा-गोंदिया भागात प्रसिद्ध आहे. बांधणारा पुढे कोलासूर देव झाला आणि त्याचे ठाणे तलावाकाठी आले. भोवतालच्या सात टेकड्या सातबहिणी झाल्या. हिवाळ्यात ज्या पाण्यावर पक्षी उतरतात, ते पाणी माणसाने अडवलेले आणि नंतर देवाच्या हवाली केलेले आहे. पक्षिनिरीक्षण आणि संस्कृतिदर्शन असे दोन रकाने तेथे पाडले, तर दोन्ही अपुरे राहतात. ज्याला बांधाची कथा ठाऊक आहे असा माणूसच त्यांना सांधू शकतो.

चितमपल्लींच्या गद्यालाही मर्यादा आहे आणि ती नमूद केली पाहिजे. बगळ्यांच्या विणीच्या वसाहतीला 'सारंगागार' आणि कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार' असे शब्द त्यांनी मराठीला दिले. ते डौलदार आहेत आणि उपयुक्तही आहेत. परंतु ते संस्कृताच्या घडणीचे आहेत, कोणाच्या तोंडी रुळलेले नव्हेत. स्थानिकाला कर्ता करणारे गद्य आणि स्थानिकाच्या जागी कोशकाराला बसवणारे गद्य, असे दोन प्रवाह त्यांच्या लेखनात शेजारून वाहतात. अभ्यासकाने त्यांतील पहिला जपावा. कारण शब्द घडवता येतो, पण तो बोलणारा माणूस घडवता येत नाही.

५

बेत आणि स्थळ ह्यांचा मेळ कसा बसतो, ह्याचे अलीकडील उदाहरण कोकणात, रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळास गावी सापडते. नाना फडणविसांचे गाव म्हणून पूर्वी त्याची ओळख होती. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र ह्या संस्थेने २००२ साली ग्रामस्थांना बरोबर घेऊन तेथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचे रक्षण सुरू केले आणि २००६ पासून कासवमहोत्सव भरू लागला. मादी रात्री किनाऱ्यावर येऊन वाळूत अंडी घालते. तिच्या वाळूतील खुणांवरून घरटे हुडकणारा माणूस गावचाच असतो. अंडी कुंपणाच्या आत सुरक्षित पुरली जातात आणि सुमारे ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. पाहुणे गावातील घरांतून उतरतात आणि त्या घरचेच अन्न जेवतात.

येथे विचारात घेण्याजोगी गोष्ट अशी, की बेताचे पहिले माप कासवाचे आहे. अमुक रात्री अंडी पडली म्हणून अमुक आठवड्याच्या सुमारास पिल्ले निघतील, एवढाच अंदाज गावकरी देऊ शकतो. त्यामुळे निमंत्रणाचे वाक्य आपोआप संकेतार्थी होते: 'पिल्ले निघाली, तर दिसतील.' व्याघ्रदर्शनाच्या पत्रकात 'वाघ पाहाल' असा निःशंक भविष्यकाळ असतो. वेळासच्या बोलण्यात 'तर' हे अव्यय टळत नाही. वरकरणी ते विक्रीच्या आड येते. वस्तुतः तेच ह्या गद्याचे प्रामाण्य होय. 'तर' उच्चारणारा माणूस स्थळ जाणणारा असतो आणि ते ऐकून घेणारा प्रवासी पाहुणा होण्यास पात्र ठरतो. रिकाम्या गेलेल्या सकाळीही त्याच्यापाशी घर उरते, जेवण उरते आणि ज्याने पहाटे किनारा तुडवला त्याचे बोलणे उरते.

६

ह्यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की हा सर्व प्रकार मराठीस नवा नाही. तीर्थक्षेत्रींचा उपाध्याय पिढ्यान्‌पिढ्या हेच करीत आला. हे खरेच आहे. यात्रेकरूचे नाव, गाव आणि घराणे विचारून तो वही उघडी, त्याचा मुक्काम लावून देई आणि विधींचा क्रम ठरवी. एका हाताने तो यात्रेकरूचे माप घेई आणि दुसऱ्या हाताने क्षेत्राचे. त्याच्या लोभाविषयी तक्रारी झाल्या असतील. परंतु तो करण होता, असे कोणी म्हणू शकत नाही. तो कर्ता होता, म्हणूनच तक्रारही त्याच्या नावाने होई. आक्षेपातून निघते ते एवढेच, की स्थानिकाने बेत करावा ही कल्पना परकी नाही. विस्मृतीत गेली आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. 'स्थानिक' हा एकवचनी शब्द फसवा आहे. गावात ज्याच्याकडे पक्के घर आणि रिकामी खोली आहे तोही स्थानिक आणि ज्याच्याकडे मोळीखेरीज काही नाही तोही स्थानिक. पाहुण्यांचा पैसा पहिल्याच्या ओसरीवर थांबण्याचा संभव अधिक. शिवाय स्थानिक सांगतो ते सर्व खरे असते असेही नाही, आणि खरे असलेले सर्व त्याने सांगावे असेही नाही. घरट्याची जागा, देवाचे ठाणे, औषधी मुळीचे नाव ह्यांविषयी मौन पाळण्याचा त्यास अधिकार आहे. करणाला नकार देता येत नाही; नकार हा कर्त्याचाच गुण. म्हणून ज्या बेतात 'येथे जाऊ नये', 'हे दाखवले जाणार नाही', 'ह्या दिवसांत गावाला सवड नसते' अशी वाक्ये आढळतात, तेथे स्थानिक माणूस खरोखर कर्तेपणाने उपस्थित आहे, असे समजावे. प्रवासाच्या कितीही देखण्या पत्रकापेक्षा असे एक नकाराचे वाक्य त्या स्थळाविषयी अधिक सांगून जाते.

ह्या गद्याचे मूल्यमापन वर्णनाच्या बहरावरून किंवा छायाचित्रांच्या लखलखाटावरून करू नये. तीन साधे प्रश्न पुरेसे आहेत: वाक्याला कर्ता आहे काय, क्रियापदाला 'तर' आहे काय आणि बेताला 'नाही' आहे काय. तिन्हींचे उत्तर होकारार्थी आले, तर अंगाचे माप आणि कापडाचा पन्हा दोन्ही जुळले असे मानावे. न आले, तर प्रवासी जंगलात जाऊन येईल, वाघही पाहील, पण तारूच्या गावी पोहोचला असे म्हणता येणार नाही.